समुद्रतळींची घाऊक पेठ

गृहिणी वाण्याकडून दोन किलो तांदूळ घेते, तेव्हां त्या तांदुळाचा भाव तिच्या देखत ठरत नसतो. तो आधींच दाणेबाजारांत, पोत्यांच्या थप्प्यांपुढें, अडत्ये आणि व्यापारी यांच्यामध्यें ठरून गेलेला असतो. वाणी कितीहि सचोटीचा असला तरी घाऊक भावाच्या खालीं त्याला फार दिवस विकतां येत नाहीं. दूरध्वनि आणि इंटरनेट यांच्या व्यापाराची रीत याहून निराळी नाहीं. ज्याच्या हातांत फोन आहे तो मनुष्य एका कंपनीला महिन्याचे पैसे देतो. परंतु त्या कंपनीनेंहि समुद्रांतील केबलचा हिस्सा, डोंगरांतून नेलेले तंतु, मनोऱ्यावरील जागा हीं कोणाकडून तरी विकत किंवा भाड्यानें घेतलेलीं असतात. दळणवळणाची ही घाऊक पेठ ग्राहकाला कधीं दिसत नाहीं. पण त्याच्या खिशावर, त्याच्या मुलांच्या शिक्षणावर आणि त्याच्या गांवच्या धंद्यावर तिची सत्ता चालते.

ही सत्ता कशी चालते हें पाहण्यास पूर्व आफ्रिकेसारखें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. मोंबासा, झांझिबार, दारेसलाम हीं बंदरें मुंबईला परकीं नाहींत. मोसमी वाऱ्यांवर चालणारीं गलबतें शतकानुशतकें या दोन किनाऱ्यांमध्यें येजा करीत आलीं आहेत. १८९६ सालीं मोंबासाहून रेल्वे घालण्यास आरंभ झाला आणि १९०१ सालीं ती व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन भिडली. त्या कामासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले होते. त्यांच्यामागून गुजराती दुकानदार आणि गोव्याचे कारकून त्या देशांत स्थायिक झाले. मालाच्या व्यापारांत जीं बंदरें इतकीं जवळचीं, तीं संदेशांच्या व्यापारांत मात्र फार काळ दूर राहिलीं.

तारेच्या युगांत ही स्थिति नव्हती. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीनें मुंबई ते एडन अशी तार समुद्रतळीं टाकली आणि त्याच वर्षीं मुंबई सागरी मार्गानें लंडनशीं जोडली गेली. पुढें १८७९ सालीं एडनहून झांझिबार व मोझांबिकमार्गें दरबानपर्यंत तार पोंचली. या तारांमागें जॉन पेंडर या उद्योजकाच्या कंपन्या होत्या. १८७२ सालीं त्यांपैकीं कांहींचें एकीकरण होऊन ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी निघाली होती. तार टाकणारा तोच, तारेचा मालक तोच आणि शब्दागणिक दर ठरविणाराहि तोच, अशी ती व्यवस्था होती. सागरी दळणवळणांतील मक्तेदारीचा हा पहिला अध्याय होय, आणि त्याची छाया पुढें दीर्घकाळ टिकली.

तारेच्या जागीं काचेचा तंतु आला, तेव्हां मात्र पूर्व आफ्रिका मागें राहिली. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या लहरींनीं संदेश धाडावयाचे, हें या नव्या केबलचें तत्त्व. खोल समुद्रांत ती केबल बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढीच जाड असते. परंतु तिच्यांतून एका सेकंदांत जें वाहून जातें तें जुन्या तारेला कित्येक वर्षांतहि वाहतां आलें नसतें. २००९ सालापूर्वीं केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा या देशांना जगाशीं जोडणारी अशी एकहि सागरी केबल नव्हती. त्यांचा सारा भार उपग्रहांवर असे. असा उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो; संदेशानें तेवढें चढावयाचें आणि तेवढेंच उतरावयाचें, आणि उत्तरानेंहि तसेंच परत यावयाचें. यांत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जाई. त्याहून जड होती ती किंमत. सेकंदाला एक मेगाबिट वाहूं शकणाऱ्या मार्गासाठीं महिन्याला अनेक हजार डॉलर मोजावे लागत. एवढ्या भावांत विद्यापीठानें ग्रंथ कसे मागवावेत आणि लहान कारखानदारानें परदेशी ग्राहक कसा सांभाळावा?

त्या काळची एक घटना या पेठेचा स्वभाव उघड करणारी आहे. नैरोबींतील एका कंपनीच्या ग्राहकानें त्याच शहरांतील दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास पत्र धाडलें, तर तें पत्र उपग्रहावरून युरोप किंवा अमेरिका गांठी आणि तेथून परत नैरोबीस येई. शेजारच्या आळींत चिठ्ठी पोंचविण्यास सातासमुद्रांपलीकडचा हेलपाटा, आणि त्याचें भाडें दोन्हीं वेळां परकीय चलनांत. हा अपव्यय थांबविण्यासाठीं केनियांतील इंटरनेट कंपन्यांच्या संघानें २००० सालच्या अखेरीस नैरोबींत एक देवाणघेवाण-केंद्र उघडलें. स्थानिक संदेश तेथल्या तेथें एकमेकांस द्यावेत, एवढाच त्याचा हेतु. पण परदेशाशीं जोडण्याचा एकाधिकार त्या वेळीं टेलकॉम केनिया या कंपनीकडे होता. आपल्या हक्कावर हें आक्रमण आहे अशी तिनें तक्रार केली आणि कांहीं आठवड्यांतच नियामक मंडळानें तें केंद्र बंद करविलें. पुढें वर्षभर वादविवाद झाला. अखेर २००२ सालच्या फेब्रुवारींत रीतसर परवाना घेऊन केंद्र पुन्हा सुरू झालें. घाऊक मार्गाचा धनी एकच असला म्हणजे शेजाऱ्यानें शेजाऱ्याशीं बोलणें हाहि त्याला आपल्या उत्पन्नाचा तोटा वाटूं लागतो.

मग नवी केबल टाकली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो काय? पश्चिम आफ्रिकेचा अनुभव उलट आहे. त्या किनाऱ्यावर २००२ सालीं सॅट-३ नांवाची काचतंतूंची केबल कार्यान्वित झाली. तिची मालकी अनेक देशांतील जुन्या दूरध्वनि कंपन्यांच्या मंडळाकडे होती, आणि बहुतेक देशांत तिच्या तोंडाशीं त्या त्या देशाची एकच कंपनी बसलेली होती. परिणाम असा झाला कीं समुद्रांत माल मुबलक आणि किनाऱ्यावर भाव चढा. तंतूंचा मोठा भाग रिकामा पडून राहिला तरी तो स्वस्तांत विकण्याची मालकास निकड वाटेना. धरण भरलेलें आहे, पण पाटाची दारें एकाच्याच हातीं आहेत, अशी ती स्थिति होती.

हा धडा पूर्वेकडील लोकांनीं नीट वाचला होता. म्हणूनच ईसी या नियोजित पूर्व आफ्रिकी केबलविषयीं अनेक वर्षें घोळ चालला. मालक-कंपन्यांनींच तिचा लाभ घ्यावा, कीं कोणीहि परवानाधारकानें वाजवी दरांत तींत हिस्सा घ्यावा, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. वाद मिटेना तेव्हां केनिया सरकारनें दुसरी वाट धरली. आपल्याच देशांतील कंपन्यांना भागीदार करून त्यानें संयुक्त अरब अमिरातींतील फुजैरापासून मोंबासापर्यंत टीम्स नांवाची स्वतंत्र केबल टाकविली. ती २००९ सालच्या जूनमध्यें मोंबासाच्या किनाऱ्यास लागली. त्याच सुमारास सीकॉम या खासगी कंपनीची सुमारें १७,००० किलोमीटर लांबीची केबल तयार झाली. एडनच्या आखातांतील समुद्री चांच्यांच्या भयामुळें तिच्या कामास थोडा विलंब झाला, तरी २३ जुलै २००९ रोजीं ती सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया आणि केनिया हे देश तिनें एकीकडे युरोपशीं आणि दुसरीकडे मुंबईशीं जोडले. २०१० सालीं ईसीहि पूर्ण झाली. विकास-बँकांनीं तिला कर्ज दिलें तें खुल्या प्रवेशाच्या अटीवर, आणि त्यासाठीं वायॉक ही अनेक आफ्रिकी कंपन्यांच्या मालकीची घाऊक कंपनी उभी राहिली. किरकोळ ग्राहकाच्या दारीं न जातां इतर कंपन्यांनाच माल विकावयाचा, हा तिचा धंदा.

एकाच किनाऱ्यावर तीन केबली आणि तीन निरनिराळ्या मालकीच्या, असा हा योग होता. जेथें एक मेगाबिट हजारों डॉलरना मिळत असे तेथें भाव कांहीं वर्षांतच शेंकड्यांवर आला आणि पुढेंहि उतरत राहिला. ही किमया काचेची नव्हे, तर स्पर्धेची होती. काच तर पश्चिम किनाऱ्यावरहि आधींच होती.

या पेठेंत विकलें काय जातें हें येथें सांगितलें पाहिजे. पहिला माल म्हणजे वहनशक्ति: अमुक शहरापासून तमुक शहरापर्यंत सेकंदाला इतके मेगाबिट, महिन्याच्या भाड्यानें. दुसरा माल म्हणजे दीर्घ मुदतीचा वापरहक्क. पंधरा किंवा वीस वर्षांचें मोल आरंभींच देऊन केबलचा ठराविक भाग आपलासा करावयाचा. शेत विकत न घेतां तें लांब मुदतीच्या पट्ट्यानें कसावें, तसाच हा व्यवहार. तिसरा माल म्हणजे प्रकाश न सोडलेला नुसता तंतु, ज्याला व्यापारी डार्क फायबर म्हणतात. त्याच्या दोन टोकांना यंत्रें घेणाऱ्यानें स्वतः बसवावयाचीं. या सर्व व्यवहारांचें अर्थशास्त्र एका विचित्र गोष्टीवर उभें आहे. केबल टाकण्यास कोट्यवधि डॉलर लागतात, परंतु ती टाकल्यावर तिच्यांतून आणखी एक मेगाबिट धाडण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. म्हणून जेथें एकच विक्रेता आहे तेथें भाव उंच राहतो, आणि जेथें तीन आहेत तेथें तो वेगानें कोसळतो. दोन्हीं टोकांना धोका आहे: पहिल्यांत ग्राहक बुडतो, दुसऱ्यांत दुर्बळ विक्रेता बुडतो.

किनारा जिंकला म्हणजे देश जिंकला असें मात्र होत नाहीं. युगांडा, रवांडा, बुरुंडी यांना समुद्र नाहीं. मोंबासापासून कंपालापर्यंतची वाट हजार किलोमीटरांहून अधिक आहे, आणि मधली सरहद्द ओलांडतांना प्रत्येक राज्याचा परवाना, कर आणि भाडें यांची भर पडते. त्यामुळें समुद्रांतील हजारों किलोमीटरांच्या प्रवासापेक्षां जमिनीवरील शेवटचा टप्पाच महाग पडावा, असा प्रकार या देशांनीं अनुभवला आहे. यावर उपाय म्हणून सरकारांनीं राष्ट्रीय तंतुमार्ग बांधले. केनियाच्या वीज-कंपनीनें आपल्या वाहिन्यांबरोबर नेलेले तंतु दळणवळण कंपन्यांना भाड्यानें दिले. आणि लिक्विडसारख्या कंपन्यांनीं सरहद्दी ओलांडून देशामागून देश जोडले. घाऊक धंद्याची खरी वाढ आतां या अंतर्भागांतच आहे. ज्याच्याजवळ रस्ता, रूळ किंवा विजेचे खांब आहेत त्याच्याजवळ तंतु नेण्याची वाटहि आहे, हें ओळखणाऱ्यास तेथें संधि आहे.

रवांडाचा एक प्रयोग या संदर्भांत अभ्यासनीय आहे. २०१३ सालीं त्या सरकारनें कोरियाच्या केटी कंपनीशीं भागीदारी करून चौथ्या पिढीच्या बिनतारी सेवेचें एकच घाऊक जाळें उभारण्याचें ठरविलें. प्रत्येक कंपनीनें आपापले मनोरे उभारून पैसा वायां घालविण्याऐवजीं सर्वांनीं एकाच जाळ्यांतून माल घ्यावा, ही कल्पना सकृद्दर्शनीं फार शहाणपणाची होती. जाळें देशभर पसरलेंहि. परंतु एकाधिकार असल्यामुळें घाऊक भाव खालीं येण्यास जोर नव्हता, आणि किरकोळ कंपन्यांनाहि दुसऱ्याचा माल विकण्यांत उत्साह नव्हता. बहुसंख्य ग्राहक जुन्याच सेवेवर राहिले. अखेर सरकारनें धोरण बदललें, आणि २०२३ सालीं एमटीएन कंपनीनें तेथें स्वतःची चौथ्या पिढीची सेवा सुरू केली. मालकी सरकारी आहे कीं खासगी, यापेक्षां खरेदीदारास दुसऱ्या दुकानांत जातां येतें कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

या उलट नैरोबीच्या त्या लहानशा देवाणघेवाण-केंद्राची प्रगति पाहण्यासारखी आहे. इंटरनेट सोसायटी या संस्थेनें केलेल्या अभ्यासांप्रमाणें २०१२ सालीं केनियांतील सुमारें ३० टक्के वाहतूक देशांतल्या देशांत होत असे. २०२० सालीं तें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांवर गेलें. त्याच अवधींत केंद्रावरील कमाल वाहतूक सेकंदाला १ गिगाबिटवरून १९ गिगाबिटवर पोंचली, आणि कंपन्यांची वार्षिक बचत सुमारें ६० लक्ष डॉलरपर्यंत वाढली. मालाची वखार जवळ आली म्हणजे भोंवतीं बाजार भरतो, तसें येथेंहि झालें. नैरोबींत व मोंबासांत माहितीचे साठे ठेवणारीं केंद्रें निघालीं. २००७ सालीं सुरू झालेली एम-पेसा ही फोनवरून पैसे धाडण्याची सेवा भाजीवाल्यापासून शाळेच्या शुल्कापर्यंत केनियाच्या व्यवहारांत भिनली होती. पण तिचीं मुख्य यंत्रें मात्र जर्मनींत होतीं. २०१५ सालीं तीं केनियांत आणण्यांत आलीं. नैरोबीच्या बाजारांतील दोन माणसांमधील पैशाचा हिशेब युरोपांत जाऊन येण्याचें कारण उरलें नाहीं.

या सर्वांचा सामान्य मनुष्यास काय लाभ, असा प्रश्न विचारणें योग्यच आहे. ह्योर्ट व पोल्सेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकांत आफ्रिकेंतील वेगवान इंटरनेट आणि रोजगार यांचा संबंध तपासून प्रसिद्ध केला. सागरी केबली आल्यावर जे भाग त्यांच्याशीं जोडले गेले तेथें रोजगार वाढला. कमी शिकलेल्यांनाहि त्याचा लाभ मिळाला. आणि ही वाढ शेजारच्या भागांतील नोकऱ्या हिरावून झालेली नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घाऊक भावाची उतरंड अशा रीतीनें शेवटीं घरच्या चुलीपर्यंत पोंचते.

परंतु या पेठेचा पाया समुद्रतळीं आहे, आणि समुद्र कोणाचा मिंधा नाहीं. २०१२ सालच्या फेब्रुवारींत तांबड्या समुद्रांत एकाच वेळीं तीन केबली तुटल्या, आणि आठवडाभरांत मोंबासाजवळ एका जहाजाच्या नांगरानें टीम्सहि तोडली. २०२४ सालच्या फेब्रुवारींत तांबड्या समुद्रांत पुन्हा केबलींना इजा झाली. मार्चमध्यें पश्चिम किनाऱ्यावर आयव्हरी कोस्टजवळ चार केबली निकामी झाल्या. आणि १२ मे रोजीं दक्षिण आफ्रिका व मोझांबिक यांच्या दरम्यान ईसी आणि सीकॉम या दोन्हीं एकदम तुटल्या. केनियापासून रवांडापर्यंत सेवा मंदावली, टांझानियास तर विशेष झळ लागली. दुरुस्तीचीं जहाजें थोडीं. आफ्रिकेच्या फार मोठ्या किनाऱ्याची मदार केपटाउन येथें असणाऱ्या 'लेओं तेवेनां' या एका जहाजावर असते. यावरून घाऊक खरेदीदारांनीं एक नवी गोष्ट शिकली. केवळ स्वस्त माल पुरेसा नाहीं. दोन केबली एकाच खिंडींतून जात असतील तर त्या दोन नव्हेत, एकच होत. निराळ्या वाटेनें जाणाऱ्या मार्गास आतां स्वतंत्र किंमत मिळूं लागली आहे.

याच सुमारास पेठेंत नवे बलाढ्य गिऱ्हाईक उतरले आहेत. जे पूर्वीं मार्ग विकत घेत ते आतां स्वतःच मार्ग बांधतात. २०२० सालीं जाहीर झालेली टू-आफ्रिका ही केबल फेसबुकची मालक कंपनी मेटा आणि अनेक दूरध्वनि कंपन्या यांच्या भागीदारींत निघाली. साऱ्या आफ्रिका खंडाला वेढा घालणारी ही योजना ४५,००० किलोमीटरांची आहे, आणि २०२१ सालीं ठरलेली तिची पर्ल्स ही शाखा भारतापर्यंत येणारी आहे. सीकॉमची मूळ वहनशक्ति सेकंदाला १.२८ टेराबिट होती. टू-आफ्रिकेच्या मुख्य भागाची योजना १८० टेराबिटपर्यंत आहे. स्वस्ताईच्या दृष्टीनें हें स्वागतार्ह आहे. पण ज्याचें दुकान मोठें त्याचाच रस्ताहि झाला, तर पेंडरच्या काळचा प्रश्न नव्या वेषांत परत येतो. वायॉकसारख्या घाऊक कंपनीला अशा योजनेंत भागीदार म्हणून स्थान आहे, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची बाब होय.

मुंबईस हा प्रश्न नवीन नाहीं. समुद्रांतून आलेली केबल ज्या केंद्रांत जमिनीवर चढते तें केंद्र एकाच्या हातीं असलें म्हणजे दुसऱ्यानें केबल आणूनहि तिचा उपयोग अडतो, हें या शहरानें पाहिलेलें आहे. म्हणूनच भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००७ सालीं नियम करून अशा केंद्रांवरील आवश्यक सोयी इतरांस खुल्या करण्याचें बंधन मालकांवर घातलें. समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांनीं निरनिराळ्या वाटांनीं येऊन एकच सिद्धान्त गांठला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या सिद्धान्ताचा अर्थ साधा आहे. उदयोन्मुख प्रदेशांतील दळणवळणाच्या घाऊक धंद्यांत संधि विपुल आहेत: समुद्र नसलेल्या देशांपर्यंतचे तंतुमार्ग, निराळ्या वाटांच्या केबली, माहितीच्या वखारी, स्थानिक देवाणघेवाणीचीं केंद्रें. भांडवलहि त्यांच्या शोधांत आहे. पण वाट बांधणारा कोण, यापेक्षां वाटेवरून जाण्याचा हक्क कोणाकोणास आहे, यावर त्या त्या देशाचें हित अवलंबून राहणार. पूर्व आफ्रिकेंत तो हक्क अनेकांस मिळाला, तेव्हां महिन्याचे हजारों डॉलर मागणारी वस्तु शाळामास्तरालाहि घेतां येऊं लागली. जेथें तो अद्याप एकाच्याच हातीं आहे, तेथें समुद्रांत कितीहि केबली पडल्या तरी किनाऱ्यावरचा भाव उतरणार नाहीं.